गावच्या होड्या की ड्रॅगन बोटी? कर्करोगग्रस्त मुलांच्या निधीसाठी शर्यत ठरवताना

कोकण किनाऱ्यावरच्या एखाद्या मंडळाने कर्करोगग्रस्त मुलांसाठी निधी उभा करण्याकरिता नौकाशर्यत घ्यायचे ठरवले, की पहिला प्रश्न नावेचा येतो: गावातल्या मच्छीमारांच्या वल्ह्याच्या होड्या खाडीत उतरवायच्या, की भाड्याने ड्रॅगन बोटी आणून बँका, कंपन्या व महाविद्यालये यांचे संघ बोलवायचे? पैसा दोन्ही मार्गांनी जमतो. पण त्यातला किती मुलांपर्यंत पोचतो, यात मोठा फरक पडतो. शिडाच्या होड्यांची शर्यत देखणी असली, तरी ती वाऱ्यावर आणि दोन-चार जाणत्या तांडेलांवर (होडीच्या प्रमुख खलाशांवर) अवलंबून राहते व नवख्याला तीत हात लावता येत नाही, म्हणून तिचा विचार येथे केलेला नाही.

ड्रॅगन बोटीचा खरा गुण हा, की ती नवख्यांना सामावून घेते. प्रमाण बोटीत २० वल्हेकरी, पुढे ठोका देणारा ढोलकरी आणि मागे सुकाणू धरणारा अशी २२ माणसे असतात. ताकदीपेक्षा एकसाथ वल्हे पडण्याला महत्त्व असल्यामुळे थोड्या सरावानेही संघ पाण्यात उतरू शकतो. १९९६ साली व्हँकुव्हर येथे डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी स्तनाच्या कर्करोगातून बाहेर पडलेल्या स्त्रियांचा संघ या बोटीत बसवला, आणि तेव्हापासून ही बोट व कर्करोगग्रस्तांचे काम यांचे नाते अनेक देशांत जुळले आहे. प्रत्येक वल्हेकऱ्याने दहा ओळखीच्या माणसांकडून दोनशे रुपये आणले, तर एका बोटीमागे चाळीस हजार रुपये होतात. मात्र बारा मीटरहून लांब, सुमारे २५० किलो वजनाच्या बोटी रस्त्याने आणणे, अनुभवी सुकाणूधारी, विमा आणि जीवरक्षक जाकिटे हा सारा खर्च पहिला रुपया जमण्याआधीच अंगावर येतो. शिवाय ही बोट शांत पाण्याची आहे. खाडीच्या मुखाशी, जेथे वाळूच्या दांड्यावर लाट फुटते, तेथे तिचे काम नाही.

गावच्या होडीला आणण्याचा खर्च नाही आणि वल्हेकरी पाणी ओळखणारे असतात. अडचण समानतेची आहे. एक होडी लांब, दुसरी जड, तिसरीला उलांडी (तोल राखणारे बाजूचे लाकूड), अशा नावा एकत्र सोडल्या तर निकालावरून वाद होणारच. त्यावर चिठ्ठ्या टाकून होड्या वाटणे व दुसऱ्या फेरीत त्या अदलाबदल करणे, हा मला सर्वांत न्याय्य उपाय वाटतो. बक्षीस रोख नसावे; फिरता चषक आणि मानाचा नारळ पुरे, कारण रोख बक्षिसाची रक्कम शेवटी मुलांच्या निधीतूनच कमी होते.

नारळी पौर्णिमेला शर्यत घेण्याचा मोह दोन्ही पर्यायांत होतो, परंतु तो टाळावा. यांत्रिक मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपलेली असल्याने माणसे कामात असतात, पावसाळी समुद्र शांत झालेला नसतो, आणि पौर्णिमेच्या उधाणामुळे खाडीतली ओढ जोराची असते. त्यापेक्षा फेब्रुवारी योग्य. १५ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिनही आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा जुना ठोकताळा लावला, तर दशमी-एकादशीला सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या सुमारास भरती पूर्ण होते. पाणी तेव्हा काही वेळ स्थिरावते आणि वाराही वाढलेला नसतो, म्हणून त्या तिथीचा रविवार शोधावा. अंतिम वेळ भरती-ओहोटीच्या अधिकृत तक्त्यावरूनच ठरवावी आणि महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या बंदर अधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी.

पैसा कोठे द्यायचा, हे होडी की ड्रॅगन बोट याची निवड करण्यापूर्वीच ठरले पाहिजे. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालू शकतात, आणि देवगड किंवा गुहागरच्या कुटुंबाला परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या आसपास राहणे हीच मोठी विवंचना असते. घरचे उत्पन्न थांबते, मुंबईत जागा परवडत नाही, आणि बरे होऊ शकणाऱ्या मुलाचा उपचार अर्धवट सुटतो. अशा कुटुंबांना विनामूल्य निवास देणारी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून काम करते, तर टाटा रुग्णालयातील इम्पॅक्ट फाउंडेशन बालरुग्णांना उपचारांसाठी साहाय्य करते. माझा कल निवासाकडे आहे, कारण गावकऱ्यांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

देणगीदारांनी थेट संस्थेच्या खात्यात पैसे भरावेत. त्यामुळे आयकरात सवलतीसाठी लागणारी पावती संस्थेकडूनच मिळते. दोन हजारांवरील रोख देणगीला ती करसवलत मिळत नाही, हेही आधी सांगून ठेवावे. नोंदणी नसलेले मंडळ स्वतः वर्गणी गोळा करणार असेल, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खालील परवानगी लागते.

पहिल्या वर्षी होड्याच घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. बोटींचे भाडे व वाहतूक यांचा पूर्ण खर्च एखाद्या प्रायोजकाने लेखी स्वीकारला असेल, किमान सहा संघांनी आधी पैसे भरले असतील आणि खाडीच्या मुखापासून आत, सरळ व रुंद पाण्याचा पट्टा उपलब्ध असेल, तरच ड्रॅगन बोटींचा विचार करावा. या तिन्हींपैकी एक गोष्ट जरी कच्ची असली, तरी जमलेला पैसा बोटींच्या भाड्यातच जाईल.