डिस्कसच्या टाकीत वाळू आणि झाडं : सांगलीतला अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या दसऱ्यापर्यंत माझी टाकी ऑपरेशन थिएटरसारखी होती. खाली नुसती काच, मागे निळा कागद, दोन स्पंज फिल्टर, एक कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर), हीटर आणि सात डिस्कस, म्हणजे थाळीसारखे गोल, चपटे, रंगीत मासे. घरी आलेला पाहुणा आधी रंगाचं कौतुक करायचा आणि मग हमखास विचारायचा, "टाकी अशी उघडीबोडकी का ठेवलीय?" मी उघड्या काचेचे फायदे सांगायला लागलो की बायको चहाचे कप उचलायला यायची.

फायदे खोटे नाहीत. डिस्कस लहान असताना दिवसाला चार-पाच वेळा खातात, तेवढंच टाकतात, आणि २९ अंशांच्या पाण्यात उरलेलं खाणं बघता बघता कुजतं. खाली काच असली की पाइप फिरवला, दोन मिनिटांत काम झालं. अडीच इंचाचे मासे मी असेच वाढवले, आणि आजही लहान मासे घेणाऱ्याला वाळू घाला असं सांगणार नाही. पण माझे साडेपाच इंचांचे झाले होते, दिवसातून दोनदा खात होते. शिवाय त्यांची एक सवय मला खटकायची. दिव्याचं बटण दाबलं, दार आपटलं, कुणी भडक शर्ट घालून समोरून गेलं, की सगळे मिळून मागच्या काचेवर आदळायचे. एका मादीचं तोंड सोलवटलं तेव्हा ठरवलं, आता यांना घर करून द्यायचं.

टाकी ४ बाय २ बाय २ फूट. काठोकाठ ४५० लिटर, प्रत्यक्षात पाणी ४०० च्या आसपास.

पहिली चूक दुकानातच झाली. "साहेब, काळी खडी घाला, लाल मासा उठून दिसतोय बघा," असं ऐकलं आणि दोन पोती घेऊन आलो. चार दिवस टाकी खरंच देखणी दिसली. माझे चार मासे पिजन ब्लड आहेत. हा वाण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थायलंडमधून आला. त्याच्या अंगावरचे उभे काळे पट्टे गेलेत, पण काळा रंग पुरता गेलेला नाही. तळ किंवा मागची बाजू गडद असली की तो बारीक ठिपक्यांनी वर येतो. तीन आठवड्यांत माझ्या लालभडक नराच्या तोंडावर आणि शेपटीकडे मिरपूड भुरभुरल्यासारखी दिसायला लागली. आईने विचारलं, "उन्हात ठेवलास काय रे त्याला?" त्यात खडी वाटाण्याएवढी. कोळंबीचा प्रत्येक तुकडा दोन खड्यांच्या मधे जाऊन बसायचा, माशाला काढता येईना आणि पाइपालाही. दीड महिन्यात ती खडी बाहेर काढली. ती आता गच्चीवरच्या कुंड्यांत आहे आणि तिथे छान दिसते.

मग वाळू. कुणीतरी फुकट दिलेली घमेलंभर नदीची वाळू आधी धुऊन पाहिली. बाराव्या बादलीलाही पाणी चहासारखं, तेव्हा तो नाद सोडला. शेवटी पाण्याच्या मोठ्या फिल्टरमध्ये भरतात ती सिलिका वाळू आणली, फिकट रंगाची, दाणा साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. ५० किलोचं एक पोतं माझ्या टाकीत दीड इंचाच्या थराला पुरलं. आत घालण्याआधी मूठभर वाळूवर लिंबू पिळून बघा. बुडबुडे आले तर चुना आहे, पाण्याचा जडपणा वाढत राहणार. माझ्या वाळूला आले नाहीत. धुवायला मात्र अख्खा रविवार गेला.

थर दीड इंचापेक्षा जाड करू नका. बारीक वाळूत खाली हवा पोचत नाही, आणि जाड थर तसाच पडून राहिला की कुजक्या अंड्यासारखा वास येणारा वायू साठतो. माझ्याकडे झाडांबरोबर फुकटात आलेल्या निमुळत्या शंखाच्या गोगलगायी रात्रभर वाळू उकरत असतात. त्यांच्यावर आधी चिडलो होतो, आता एक दिसली तरी बरं वाटतं.

झाडांसाठी विकत मिळणारी पोषक मातीही विचारात होती. पण तिच्यातल्या काही प्रकारांतून पहिले काही आठवडे अमोनिया सुटतो, आणि गरम पाण्यात, सातच्या वरच्या पीएचला, तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो. मासे टाकीत असताना तो खेळ नको म्हणून साधी वाळू घेतली आणि मुळांजवळ खताच्या गोळ्या खुपसल्या.

आता झाडं. डिस्कसला २८ ते ३० अंश लागतात आणि दुकानातल्या निम्म्याअधिक झाडांना २५ च्या आसपास. सगळी गोम इथे आहे. लाल पानांची दोन-तीन नाजूक झाडं हौसेने घेतली, महिन्याभरात देठ उरले. त्यांच्यावर यापेक्षा जास्त लिहीत नाही.

ॲमेझॉन सोर्ड हा माझ्या टाकीचा वाडा. तीन झाडं लावली. पहिल्या महिन्यात जुनी पानं पिवळी पडून सडली आणि वाटलं, पैसे गेले. पण ही झाडं नर्सरीत बहुधा पाण्याबाहेर वाढवलेली असतात. ती पानं गळून पाण्यातली नवी पानं येतात. दीड-दोन महिने धीर धरला, दर महिन्याला प्रत्येकाच्या मुळाशी दोन गोळ्या घातल्या. आता एकेक पान दीड फुटाचं आहे आणि वरून खाली झुकलेलं. याच्या बुंध्यात मात्र खाणं अडकतं. त्यामुळे मी खायला नेहमी उजव्या मोकळ्या कोपऱ्यातच टाकतो, तिथे मुद्दाम एकही झाड नाही.

जावा फर्न आणि ॲन्युबियास लाकडाला दोऱ्याने बांधले. यांचं आडवं खोड वाळूत पुरलं की सडतं, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे, तरी मी एक पुरलंच. फर्नच्या पानांना मार्चमध्ये टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडायला लागली. पोटॅशची कमतरता. माशांच्या दुकानातली चिमुकली बाटली बघितली, तिची किंमत बघितली आणि सरळ शेती सेवा केंद्रात गेलो. आपल्या द्राक्षपट्ट्यात 'झिरो झिरो पन्नास' मागितलं की कुणी वर बघत नाही. हे म्हणजे पोटॅशियम सल्फेट. दुकानदाराने एवढंच विचारलं, "बाग किती एकर?" मी म्हटलं, आठ चौरस फूट. ४०० लिटरला आठवड्याला ४ ग्रॅम, मगभर पाण्यात विरघळवून. सहा आठवड्यांनी नवी पानं धड आली, जुनी भोकं तशीच राहिली. फक्त त्याच शेल्फवरचं १९:१९:१९ हे खत टाकीत घालू नका, त्यात युरिया आणि अमोनिया असतो.

वॅलिसनेरिया, म्हणजे गवताच्या पात्यासारखी लांब झाडं, मागच्या बाजूला रान माजल्यागत वाढली. मधे शेवाळासाठी 'लिक्विड कार्बन' म्हणून मिळणारं औषध घातलं आणि आठवड्यात सगळी पाती चिंधीसारखी झाली. त्यातलं ग्लुटाराल्डिहाइड वॅलिसनेरियाला सोसत नाही. मुळं जिवंत होती म्हणून पुन्हा फुटली. माशाला औषध म्हणून मीठ घालायची सवय असेल तर तीही आता मोडा, झाडांना ते बाधतं. आजारी मासा बाजूच्या लहान उघड्या टाकीत काढायचा आणि तिथे काय ती ट्रीटमेंट करायची. ती लहान टाकी मी मोडली नाही, हे शहाणपण केलं.

लोकांना वाटतं, डिस्कस निसर्गात हिरव्यागार झाडांत राहतात. मुळात हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. हेकेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४० मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. तिथे नदी दरवर्षी ब्राझीलमधल्या मनाउस शहराजवळ दहा मीटरच्या आसपास चढते आणि जंगलात शिरते. हे मासे बुडालेली खोडं, मुळं आणि कुजलेली पानं यांच्या आडोशाने राहतात. पुराच्या पाण्यात राहणं म्हणजे काय, हे सांगलीकराला वेगळं समजावून सांगायला नको. म्हणून सांगतो, झाडांआधी लाकूड घाला. माझे मासे पहिल्या दिवशी त्या फांद्यांखालीच जाऊन उभे राहिले. देशी बदामाची गळलेली तांबूस पानं धुऊन, उकळून अधूनमधून टाकतो, पाण्याला हलका चहाचा रंग येतो. हमरस्त्यावरची पानं घेऊ नका, धूळ आणि धूर बसलेला असतो.

आणि आपल्या नदीवर दिसणारं केंदाळ, म्हणजे जलपर्णी? तेही मूळचं ॲमेझॉनकडचंच, डिस्कसच्या गावचं. म्हणून टाकीतली तरंगती झाडं जास्त झाली की ओढ्यात किंवा नदीत टाकू नका, उन्हात वाळवा आणि कुंडीत घाला.

उन्हाळा कठीण गेला. एप्रिल-मेमध्ये हीटरची पिन काढून ठेवली होती तरी दुपारी पाणी ३२ वर जायचं. माशांनी सोसलं, झाडं मलूल झाली, ॲन्युबियासच्या पानांवर काळं दाढीसारखं शेवाळ आलं. पाण्यावर तिरका टेबल फॅन लावला की दोन अंश उतरतात, पण पाणीही भराभर उडतं. ते भरून काढायला बोअरचं पाणी वापरू नका. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. क्षार मोजायच्या माझ्या टीडीएस मीटरवर नळाचं पाणी २०० च्या आसपास दाखवतं आणि आमच्या बोअरचं हजाराच्या वर. मी उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्यानेच घातली. दिवेही दहा तासांवरून साडेसहा तासांवर आणले, तेव्हा शेवाळ थांबलं.

खरा दणका जुलैत बसला. पाऊस धरला होता, घरोघरी एकच प्रश्न, "आयर्विनला किती फूट झालं?" आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल. तिथे ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ. आमच्या भागात पाणी येण्याचा संभव नव्हता म्हणून निर्धास्त झोपलो. रात्री अकराला लाईट गेली. पहाटे चारला उठलो तर सातही मासे पाण्याच्या वरच्या थरात, कल्ले धपापत होते. उघड्या टाकीत अशी रात्र पूर्वी निघाली होती, त्या हिशेबात मी होतो. विसरलो ते असं की अंधारात झाडंही प्राणवायू घेतात. २० अंशांच्या पाण्यात लिटरला जेमतेम ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. त्यात आता सात मासे, गोगलगायी, वाळूतले जिवाणू आणि एवढं रान, सगळे वाटेकरी. सकाळी साडेसातपर्यंत मी आणि मुलगी आळीपाळीने तांब्याने पाणी वरून ओतत बसलो. मासे वाचले. त्याच आठवड्यात एअर पंप इन्व्हर्टरवर घेतला, खरं तर वाळूच्या आधी घ्यायला हवा होता. लाईट आल्यावर बंद पडलेला कॅनिस्टर लगेच सुरू करू नका, आतलं पाणी कुजलेलं असतं. आधी उघडा, ते पाणी फेका, स्पंज टाकीच्याच पाण्यात खळबळा.

आता ज्यासाठी बरेच जण झाडं लावतात, ते पाणी बदलण्याचं काम. कमी झालं का? थोडंसं. आधी रोज ३० टक्के बदलायचो, आता एक दिवसाआड ४० टक्के. माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारं नायट्रेट पूर्वी आठवड्यात ४० पीपीएमपर्यंत जायचं, आता २० च्या आसपास थांबतं. पण यात झाडांइतकाच वाटा मासे मोठे होऊन कमी खातात याचाही आहे. मंद उजेडात मंद वाढणारी झाडं किती नायट्रेट खाणार? आणि वाचलेला वेळ पानं छाटण्यात, वाळू साफ करण्यात जातो. वाळूवर पाइप टेकवायचा नाही, अर्धा इंच वर धरून गोल फिरवायचा, वाळू उडाली की नळी चिमटीत दाबायची. घाण हलकी असते, वर जाते. हे हाताला बसायला महिना लागला, तोवर बादलीत किलोभर वाळू गोळा झाली होती. निघालेल्या पाण्यावर जास्वंद आणि कढीपत्ता मजेत आहेत, त्यामुळे आईची पाण्याबद्दलची तक्रार बंद झाली.

फरक पडला तो माशांच्या वागण्यात. आता समोर उभं राहिलं की पुढे येतात. दार आपटलं तर पानाआड सरकतात आणि मिनिटभराने बाहेर. काचेवर आदळणं फिकट वाळू घातली त्याच आठवड्यात बरंच कमी झालं होतं, झाडं मोठी व्हायच्या आधी. माझी अटकळ अशी की खालच्या काचेत दिसणारं स्वतःचं प्रतिबिंब गेलं, याचा गुण मोठा. सगळ्यात आवडतं दृश्य म्हणजे मासा तिरका होऊन वाळूवर फुंकर मारतो, दाणे उडतात आणि तो खालचा तुकडा टिपतो. उघड्या काचेवर हे त्यांना कधी करताच आलं नाही. नराची मिरपूड अर्धीअधिक गेली, सगळी नाही गेली. मार खाणारा सातवा मासा, ज्याला कोपऱ्यातच उभं राहावं लागायचं, तो आता वॅलिसनेरियात लपून वेळेवर जेवायला येतो.

जूनमध्ये एका जोडीने सोर्डचं रुंद पान दोन दिवस तोंडाने घासून स्वच्छ केलं आणि त्यावर अंडी घातली. पान हलतंय, नर-मादी आळीपाळीने पंख हलवून वारा घालतायत, मुलगी शाळेला जायला तयार नाही. अंडी फुटायला अडीच-तीन दिवस लागतात. दुसऱ्या रात्री बाकीच्यांनी साफ केली. पिल्लं हवी असतील तर जोडीला वेगळी उघडी टाकीच लागते, कारण पिल्लं आईबापांच्या अंगावरचा चिकट थर खाऊन वाढतात आणि झाडांच्या जंगलात ती चुकतात. तेवढा उद्योग सध्या नको.

खर्चाचं म्हणाल तर वाळू सगळ्यात स्वस्त, त्या फुकट गेलेल्या काळ्या खडीपेक्षाही. पैसे खाल्ले लाकडाने आणि मेलेल्या लाल झाडांनी.

वॅलिसनेरिया आता इतकी झालीय की दर पंधरा दिवसांनी मूठभर उपटावी लागते. ओळखीत कुणाला हवी असेल तर जाड पिशवी घेऊन यावं. घरी नेल्यावर पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून मगच टाकीत घालावी. तरी गोगलगायी येतीलच, त्यांचे पैसे मी घेत नाही.