सेकंडहँड टूरिंग सायकल 62 हजारांना? एक पावसाळा चालवून झाल्यावर

‘एवढ्यात सेकंडहँड अ‍ॅक्टिव्हा आली असती की!’ साताऱ्यात ज्याला ज्याला मी सायकलची किंमत सांगितली, त्याने हेच ऐकवलं. खरंय, आली असती. पण मला मेढ्यावरून केळघर घाट चढून महाबळेश्वर, तिथून खाली कोकण आणि परत वर असं सामानासकट आपल्या पायांनी फिरायचं होतं. त्यामुळे प्रश्न ‘62 हजारांत काय काय येतं’ हा नव्हताच. ही जुनी सायकल त्या पैशांची आहे का, एवढाच होता. आता उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळीनंतरची कोकण फेरी झाली आहे, तेव्हा हिशेब मांडायला हरकत नाही.

सायकल आहे सर्ली कंपनीची लाँग हॉल ट्रकर. अमेरिकन ब्रँड, फ्रेम क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम मिश्रित) स्टीलची, खाली वाकलेलं ड्रॉप हँडल, पुढे तीन चकत्या आणि मागे नऊ. रिम ब्रेकवाली ही सायकल कंपनीने आता बंद केली आहे, डिस्क ब्रेकवाली तिची बहीण मिळते. म्हणजे हिच्यासाठी जुन्या बाजाराशिवाय मार्ग नाही, आणि जुन्या बाजारात ‘आता मिळत नाही हो’ या वाक्याचे वेगळे पैसे लावतात. ते देऊ नयेत. मिळत नाही म्हणजे उद्या तिचे काही भागही मिळायला त्रास होणार, म्हणजे भाव उतरायला हवा.

विकणाऱ्या काकू पुण्यात कोथरूडला राहतात. अमेरिकेत मुलीकडे असताना त्यांनी ही घेतली, बरीच चालवली, येताना सामानात आणली. आता गुडघे बोलायला लागले. मागत होत्या 75 हजार. त्यात मागचं स्टीलचं कॅरिअर, ऑर्टलिबच्या दोन वॉटरप्रूफ बॅगा, मडगार्ड, चामड्याची ब्रुक्स सीट आणि हत्यारांची पिशवी. फोनवरच म्हणाल्या, ‘भाव करायचा नाही गं. पण चालवणार असशील तर बोलू.’

मी जाताना स्टीलची फूटपट्टी आणि सुतळीचा गुंडा घेऊन गेले. जुनी टूरिंग सायकल बघायला एवढं पुरतं.

पट्टी चेनसाठी. चेनची एक पिन ते पुढची पिन हे अंतर अर्धा इंच असतं. पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवायचा आणि बारा इंचांवर बघायचं: नव्या चेनची चोविसावी पिन बरोबर रेषेवर येते. चेन झिजली की ती पुढे सरकते. एक सोळांश इंच पुढे गेली तर चेन बदलायची. एक अष्टमांश गेली तर बहुधा मागची कॅसेटही (मागच्या चकत्यांचा जुडगा) गेली, कारण लांबलेल्या चेनने दात खाल्लेले असतात आणि नवी चेन त्यावर उड्या मारते. काकूंची पिन अष्टमांशाला टेकलेली. त्यांना पट्टी दाखवली. चष्मा लावून त्यांनी स्वतः पाहिलं आणि म्हणाल्या, ‘अगंबाई, मला वाटायचं तेल घातलं की झालं.’

सुतळी फ्रेमसाठी. मागच्या चाकाचा एक्सल जिथे बसतो तिथून सुतळी निघते, पुढे हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूने मागे येते. ताणून धरायची आणि सीटखालच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. जास्त असेल तर फ्रेम कुठेतरी वाकलेली आहे, मग पेंट कितीही चकचकीत असो. त्याच वेळी हँडलजवळच्या आडव्या आणि तिरप्या नळीखालून बोट फिरवायचं. समोरून आपटलेल्या सायकलला तिथे बारीक सुरकुती असते, डोळ्याआधी ती बोटाला कळते. शेवटी सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, ढिला करून बाहेर ओढायचा. तो निघालाच नाही, तर सायकलही घ्यायची नाही. गंजून बसलेला सीटपोस्ट काढताना फ्रेम कामातून जाऊ शकते. काकूंचा अर्ध्या पिळात वर आला, खाली जुनं ग्रीससुद्धा होतं. इथे माझं निम्मं मत पक्कं झालं.

रिमवर मात्र गाडी अडली. रिम ब्रेकमध्ये रबर थेट रिमवर घासतं, वाळू-चिखलात चालवलं तर रिमची भिंत बाहेरून झिजून खोलगट होते. पट्टीची कड रिमच्या बाजूवर उभी धरली की खालून उजेड दिसतो. पुढची ठीक होती, मागचीत उजेड दिसला. लगेच बदलायला नको, पण आयुष्य निम्म्याच्या खाली.

मग सौदा. माझं गणित असं: तसल्या बॅगा आणि तसलं कॅरिअर नवं घ्यायचं तर मी चौकशी केली तेव्हा 25 ते 30 हजारांच्या घरात जात होतं. जुनं म्हणून त्याचे 15 धरले. चेन, कॅसेट, सगळ्या वायर, ब्रेकची रबरं आणि टायर यांचे येणारे 14-15 हजार वजा. मागच्या रिमचे आणि मजुरीचे वेगळे. उरलेल्या सायकलची किंमत मला 60 च्या वर पटत नव्हती. काकू 65 वर आल्या, मी 60 वर, आणि चहा झाल्यावर 62 ला जमलं. दुरुस्ती धरून खिशातून 77 हजारांच्या आसपास गेले. कोणी जुन्या टूरिंग सायकलचा भाव विचारला तर मी हाच दुसरा आकडा सांगते. जाहिरातीतल्या किमतीवर भांडण्यात अर्थ नाही, रस्त्यावर उतरेपर्यंत काय पडतं ते धरायचं.

माझी उंची पाच फूट तीन इंच. 50 सेंटीमीटरची फ्रेम आणि 26 इंची चाकं हे माझ्यासाठी या सायकलचं सगळ्यात मोठं मोल. छोट्या फ्रेमला 700सीची मोठी चाकं लावली की हळू वेगात वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. घाटातल्या हेअरपिनवर हे काय होतं ते आधीच्या हायब्रिडने मला दाखवलं होतं. इथे तो प्रकार नाही. शिवाय 26 इंची एमटीबीचा (माउंटन बाइकचा) टायर तालुक्याच्या कुठल्याही सायकलच्या दुकानात टांगलेला असतो. फक्त दुकानदाराला नुसतं ‘सव्वीसचा द्या’ म्हणू नका. लेडीज सायकलचा 26 बाय 1 3/8 हा वेगळा टायर आहे, त्याची रिम 590 मिलिमीटरची, आपली 559 ची. टायरच्या कडेला 559 छापलेलं बघूनच घ्या.

ट्यूबचा प्रश्न निराळा निघाला. सायकल अमेरिकेतून आलेली, रिमला बारीक प्रेस्टा व्हॉल्वची भोकं. पंक्चरवाल्याकडे असतो गाडीचा जाड व्हॉल्व. पितळी अ‍ॅडाप्टरने हवा भरता येते, पण नवी ट्यूब घ्यायची वेळ पाटणला आली तर अ‍ॅडाप्टर काय कामाचा? आमच्या पेठेतले सायकलवाले मामा म्हणाले, ‘ताई, भोक मोठं करून देतो, पण परत बारीक करता येत न्हाई हां.’ साडेसहाचं भोक त्यांनी साडेआठ मिलिमीटरचं केलं. ड्रिल मारल्यावर गोल कानशीने आतल्या कडेची धार इतक्या निगुतीने घासली की मी बोट फिरवलं तरी काही लागेना. ती धार राहिली असती तर तिनेच ट्यूब कापली असती. दोन्ही चाकांचे मिळून घेतले शंभर रुपये. सगळ्या खर्चातला हा सगळ्यात वसूल झालेला शंभर.

आता चालवण्याबद्दल. रिकामी असताना ही सायकल जड आणि थोडी आळशी आहे. कॅरिअर, मडगार्ड, लाइट धरून पंधरा किलोच्या पुढे जाते. रविवारी सकाळी यवतेश्वरला धावाधाव करणारी पोरं कार्बनच्या सायकलींवर मागे टाकून जातात, जाऊ देत. मागे दोन बॅगा लावल्या की हिचा स्वभावच बदलतो. मागचा सांगाडा लांब आहे, साखळीच्या बाजूची नळी 46 सेंटीमीटरची, त्यामुळे पायडल मारताना टाच बॅगेला लागत नाही आणि उतारावर सायकल शेपूट हलवत नाही. आधीच्या हायब्रिडवर सामान लादलं की 40 च्या वेगाला हँडल थरथरायचं. आंबेनळी उतरताना इथे तसं एकदाही झालं नाही.

चढाला पुढची सर्वांत छोटी चकती 26 दातांची, मागची सर्वांत मोठी 34 ची. म्हणजे एका पायडलला चाक दीड मीटरच्या जरा पुढे सरकतं. मिनिटाला साठ पायडल मारले तर ताशी साडेपाच किलोमीटर. चालण्यापेक्षा थोडंच जास्त, हसू येईल. पण कुंभार्ली घाटात शिरगावच्या पुढे, दुपारी, पाठीमागे बारा किलो सामान असताना मी बसून चढत होते आणि गुडघे दुसऱ्या दिवशी माझेच होते.

गिअरचे खटके हँडलच्या टोकांना आहेत. पहिले काही आठवडे हात तिथपर्यंत नेताना चिडचिड झाली, गर्दीत तर अजूनही होते. त्यांची खरी गंमत म्हणजे उजव्या खटक्याची चकती फिरवली की टकटक करणारे टप्पे बंद होतात आणि आपल्या अंदाजाने गिअर सरकवता येतो. याचा उपयोग असा झाला: एका ट्रान्सपोर्टवाल्याने माल उतरवताना सायकल उजव्या अंगावर टाकली आणि डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) लटकतो तो कान आत वाकला. टप्प्यांवर गिअर बसेनात. खटका मोकळा केला आणि कानाने ऐकत, चाचपत घर गाठलं. मामांनी पान्यात धरून तो कान सरळ केला. अ‍ॅल्युमिनियमचा असता तर सरळ करताना तुटायची भीती होती.

पण स्टीलबद्दलची एक दंतकथा इथेच थांबवते. ‘स्टील आहे, कुठल्याही गावात वेल्डर जोडून देईल’ असं जो तो सांगतो. या नळ्यांच्या भिंती मधल्या भागात एक मिलिमीटरहूनही पातळ असतात. नांगराचा फाळ जोडणाऱ्याने तोच वेल्डिंग रॉड इथे लावला तर जोड राहील बाजूला, भोक पडेल. कॅरिअरचा दांडा तुटला तर खुशाल जोडून घ्या. फ्रेमला हात लावू देऊ नका.

स्टीलचा दुसरा पैलू सातारच्या पावसाने दाखवला. कास-बामणोलीकडे जुलैत चालवलं की पाणी सीटपोस्टच्या फटीतून आत जातंच. दर मोठ्या भिजण्यानंतर सीटपोस्ट काढून सायकल उलटी टांगते, पाणी निथळून जाऊ देते, मग आत तेलाचा फवारा. दहा मिनिटांचं काम आहे, कंटाळा येतो. ज्याला हे करायचं नाही त्याने अ‍ॅल्युमिनियमची घ्यावी.

ब्रेक कँटिलिव्हर पद्धतीचे. कोरड्यात चांगले लागतात. ओल्या रिमवर पहिले एक-दोन फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात, मग पकड येते. डिस्कची सवय असलेल्याला हे धडकी भरवणारं वाटेल. मी पावसात वळणाच्या बरंच आधी हलका ब्रेक लावून रिम पुसून घेते. रबरं लाल-केशरी जातीची टाकली, फरक पडला. ओरडण्याचा आवाजही रबराचं पुढचं टोक किंचित आत वळवल्यावर गेला.

चामड्याच्या सीटबद्दल काय सांगू! चामडं चालवणाऱ्याच्या बुडाचा आकार घेतं म्हणतात, आणि ही काकूंचा घेऊन बसली होती. महिनाभर मी दुसऱ्याच्या जागेवर बसल्यासारखी होते. मग नाकाखालचा नट थोडा आवळला, कोन बदलला, तरी जमेना. शेवटी विकून टाकली, चांगले पैसे आले आणि माझी जुनी साधी सीट लावली. पावसाळ्यात त्या चामड्यावर बुरशी धरायला लागली होती, तेही एक कारण.

बॅगा मात्र बावनकशी. तोंड गुंडाळून बंद करायच्या, दोन मिळून चाळीस लिटर. दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या उतारावर भरतीचं पाणी लागलं, पुढे गुहागरच्या वाटेवर अवकाळी पावसाने झोडपलं, आतले कपडे कोरडे. हुकांच्या प्लास्टिकला काकूंच्या काळापासून चीर आहे, ती वाढत नाही ना यावर लक्ष ठेवून आहे.

मग पैसे वसूल झाले का? माझे झाले, कारण माप माझं होतं, बॅगा-कॅरिअर सोबत आलं आणि काकूंनी पट्टी पाहून भाव उतरवला. हीच सायकल नुसती, बॅगांशिवाय, 62 ला असती तर मी घेतली नसती. वर्षातून एकदा अलिबागला जाणाऱ्याने तर या वाटेला जाऊच नये. तीस हजारांची चांगली हायब्रिड, तिला मागे मजबूत कॅरिअर आणि चढासाठी मोठ्या चकतीची कॅसेट लावून घेतली की काम भागतं. आणि मापाबाहेरची सायकल कोणी निम्म्या किमतीत दिली तरी नको. पाठ दुखायला लागली की स्वस्ताई आठवत नाही.

दिवाळीनंतर मागच्या रिमवर पुन्हा पट्टी धरून पाहिली, उजेड वाढलाय. पुढच्या पावसाळ्याआधी ती बदलायचीच. 36 भोकांची, 26 इंची आणि रिम ब्रेकची अशी रिम आता शोधावी लागते, तेव्हा मिळाली की दोन एकदम घेणार आहे. दुसरी मामांच्या दुकानात खिळ्याला टांगून ठेवायचं ठरलंय.