काळ्या मातीतील स्मेक्टाइट आणि जांभ्यातील केओलिनाइट
सोलापूरकडची काळी माती आणि महाबळेश्वरच्या पठारावरचा तांबडा जांभा या दोन्हींचा मूळ खडक एकच, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा बेसाल्ट आहे. त्यामुळे मातीचा स्वभाव केवळ खडकावरून ठरतो, ही समजूत येथे अपुरी पडते.

कमी पाऊस आणि मंद निचरा असलेल्या भागात बेसाल्टमधील खनिजांचे विघटन होताना सुटणारे सिलिका, कॅल्शियम व मॅग्नेशियम बऱ्याच अंशी जागेवरच राहतात आणि त्यांतून स्मेक्टाइट हे चिकणमातीचे खनिज घडते. त्याच्या प्रत्येक थरात सिलिकेचे दोन पत्रे व त्यांच्यामध्ये ॲल्युमिनाचा एक पत्रा असतो. थरांमधील बंध दुर्बल असल्याने पाणी आत शिरते, एका थरापासून पुढच्या थरापर्यंतचे अंतर सुमारे १ नॅनोमीटरवरून १.५ नॅनोमीटरच्या पुढे जाते, आणि उन्हाळ्यात ते पाणी निघून गेले की रानाला खोल भेगा पडतात.

सह्याद्रीच्या माथ्यावर मात्र मुसळधार पाऊस हे घटक धुऊन नेतो. तेथे केओलिनाइट हे दुसरे चिकणमातीचे खनिज बनते. त्याच्या प्रत्येक थरात सिलिकेचा एक व ॲल्युमिनाचा एक पत्रा असतो, आणि हे थर हायड्रोजन बंधांनी घट्ट धरलेले असल्याने ते फुगत नाही. परंतु पोषक द्रव्ये धरून ठेवण्याची त्याची क्षमताही स्मेक्टाइटच्या मानाने फारच कमी असते. पोषक द्रव्ये धरून ठेवण्याच्या बाबतीत म्हणूनच स्मेक्टाइट सरस ठरते, तर घराच्या पायाखाली केओलिनाइटच बरे.

यांपैकी कोणतेही रूप कायमचे नसते: निचरा वाढल्यास स्मेक्टाइटचे केओलिनाइट होऊ शकते, आणि खोल गाडले जाऊन उष्णता व पोटॅशियम मिळाल्यास स्मेक्टाइटचेच इलाइट हे आणखी एक चिकणमातीचे खनिज बनते.