काचेचे, पंपाचे की सिलिकॉनचे? घरी कप लावणाऱ्यांसाठी

तुंबडी हा शब्द आता स्वतःची तुंबडी भरणाऱ्यांपुरताच उरलाय. एरवी सुश्रुतसंहितेत रक्तमोक्षणासाठी, म्हणजे अंगातलं रक्त काढण्यासाठी, शिंग, भोपळा आणि जळू अशी तिन्ही साधनं आहेत. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावरची जांभळी वर्तुळं दिसली आणि तीच तुंबडी, म्हणजे कातडीवर पोकळ कप लावून आतल्या ओढीने ती वर खेचायची रीत, 'कपिंग' म्हणून घरोघरी आली. कातडीला चिरे देऊन रक्त काढायचा हिजामा मी इथे धरलेला नाही. तो घरी करायचा प्रकार नव्हे. प्रश्न फक्त कोरड्या, म्हणजे चिरे न देता लावायच्या कपांचा.

ओढ म्हणाल तर मला काचेचीच आवडते. पेटता बोळा क्षणभर आत फिरवून बाहेर काढायचा आणि कप लगेच पाठीवर ठेवायचा. आतली हवा निवते, आकसते आणि कातडी सावकाश वर येते. वर काचेची ऊब. पण लावणारा हात सरावाचा हवा. कड तापली किंवा स्पिरिटचा थेंब गळला, तर भाजलंच म्हणून समजा. स्वतःच्या खांद्याशी पेटता बोळा नेण्याची माझी तरी छाती नाही.

म्हणून मी पंपाचा संच घेतला. ओढ हवी तेवढी कमी-जास्त करता येते, कप पारदर्शक असल्याने कातडीचा रंगही दिसतो. एका जागी ठेवून द्यायचे असतील तर अजूनही मी त्याला नावं ठेवणार नाही. माझं बिनसलं ते कपातली ओढ टिकवून धरणाऱ्या व्हॉल्व्हपाशी. माझी मान आखडते, आणि मला आराम पडतो तो कप तेलावर सरकवल्याने. ते तेल हळूहळू व्हॉल्व्हमध्ये शिरतं. मग कप धरल्यासारखा वाटतो, पालथं पडून जरा डोळा लागतो न लागतो तोच 'टप्' करून सुटतो. पुन्हा पंप, पुन्हा टप्. मान सैल व्हायची सोडून मी पुढच्या टप्‌ची वाट बघत आणखी ताठ! व्हॉल्व्ह उघडून, साबणाने धुऊन, वाळवून पाहिला. चार दिवस बरे गेले.

सिलिकॉनला व्हॉल्व्हच नाही. दाबायचा, टेकवायचा, सोडायचा. ओढ अंदाजानेच ठरते आणि पंपाइतकी जोरकस नसते, हे खरं. तेलकट बोटांतून तो निसटतोही. पण मानेपासून खांद्यापर्यंत एका हाताने सरकतो, आणि नको झालं की कडेखाली बोट घातलं की सुटतो. पातळ कप मात्र घेऊ नका, सरकवताना दुमडतात.

डाग तिन्हींचे पडतात. डाग जितका काळा तितकं विष जास्त निघालं, असं सांगणारे भेटतील. त्या फुटलेल्या केशवाहिन्या आहेत, आठवडा-दोन आठवड्यांत जातात. सरकत्या कपाने माझे तरी फिकेच पडतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

तुमचं दुखणं एकाच जागचं असेल आणि लावून द्यायला घरात कोणी असेल, तर कदाचित पंपच बरा पडेल. माझा संच पेटीत आहे, पोटरी आखडली की कोरड्या कातडीवर लावतो. सिलिकॉनचे दोन कप मात्र उशाशीच असतात.