जॅझच्या मुलीबरोबर दीड वर्ष

नेदरलँड्समध्ये ड्रेसाजसाठी, म्हणजे परीक्षकांसमोर ठरावीक चाली करून दाखवण्याच्या घोडेस्वारीसाठी, घोडा शोधू लागले की जॅझचे नाव कुठल्या ना कुठल्या वंशावळीत समोर येतेच. १९९१ साली जन्मलेला, कॉकटेल नावाच्या घोड्याचा मुलगा असलेला हा केडब्ल्यूपीएन (डच घोड्यांची वंशनोंदणी संस्था) स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचा घोडा, जितका त्याच्या गुणी संततीसाठी ओळखला जातो, तितकाच तिच्या तापटपणासाठीही. मी त्याची मुलगी विकत घेतली, त्याला आता दीड वर्ष झाले.

घोडी २०११ सालची आहे. केडब्ल्यूपीएनमध्ये एका वर्षीच्या सगळ्या शिंगरांची नावे एकाच अक्षराने सुरू होतात. त्या वर्षी 'जी' होते, म्हणून आम्ही तिला घरी गौरी म्हणतो. विकणाऱ्याने ती 'थोडी संवेदनशील' असल्याचे सांगितले होते. यातला 'थोडी' हा शब्द पहिल्याच आठवड्यात निकालात निघाला.

माझे घोडेस्वारीचे शिक्षण पुण्यात भाड्याच्या घोड्यांवर झाले. टाच मारल्याशिवाय ते जागचे हलत नसत, त्यामुळे पोटऱ्या आवळून बसण्याची सवय अंगात मुरलेली होती. एकदा मैदानाच्या कडेला रोजचीच शेणाची हातगाडी उलट्या बाजूला तोंड करून ठेवलेली होती. ही आता बुजणार, या धास्तीने मी मांड आवळली आणि गौरी फुरफुरत चार पावले आडवी उडाली. मी हातगाडीला दोष देत होते, तर प्रशिक्षिका शांतपणे म्हणाल्या, "तिने गाडीकडे पाहिलेसुद्धा नाही. तुम्ही सांगितलेत, ते तिने केले." त्यानंतरचे दोन महिने मी घोडीपेक्षा स्वतःच्या पायांवरच अधिक मेहनत घेतली.

गुणांच्या बाबतीत मात्र तक्रार करायला जागा नाही. दुडकीत मागचे पाय असे पोटाखाली येतात की खोगिरावर बसल्याबसल्या पाठ वर उचललेली जाणवते, आणि पियाफच्या, म्हणजे जागच्या जागी केलेल्या दुडकीच्या, आखूड पावलांची तयारी तर तिने जवळजवळ स्वतःहूनच दाखवली. कमकुवत बाजू साध्या चालीची आहे. ताण आला की चार स्पष्ट ठोके हरवतात आणि एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम उचलले जातात. परीक्षकांच्या नजरेतून हे कधीही सुटत नाही. यावर मैदानात कितीही मेहनत घेतली तरी उपयोग झाला नाही, सैल लगामाने रानवाटेवर नेल्यावर थोडा झाला. खुराक कमी करून वाळलेले गवत वाढवले आणि पाऊस असो वा वारा, तिला रोज कुरणात सोडू लागलो, याचाही फरक पडला.

आमच्या पागेत जॅझची आणखी दोन अपत्ये होती. एकाचा मालक सांगतो की पहिली तीन वर्षे त्याला केवळ पश्चात्ताप होत होता. आज तो आपला घोडा दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला तयार नाही. दुसऱ्या मालकिणीने आठ महिन्यांत घोडी विकली, आणि तिची परिस्थिती पाहता ते योग्यच झाले असे मला वाटते, कारण तिला आठवड्यातून दोनच दिवस वेळ मिळत असे.

लोक जॅझचाच मुलगा असलेल्या पार्झिव्हाल या घोड्याचे उदाहरण देतात. आदेलिंदे कॉर्नेलिसन यांनी त्याच्यावर २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक रौप्यपदक मिळवले, हे खरेच. पण त्याची स्वार रोजची व्यावसायिक होती. गौरीच्या आईचा बाप फ्लेमिंग नावाचा स्टॅलियन. २०१६ साली रिओ ऑलिंपिकला गेलेल्या जॉन्सन या घोड्याचा मेळही हाच, जॅझ आणि फ्लेमिंग. हे वाचून घोडी घेताना मी हुरळून गेले होते, हे कबूल करते. कागदावरचा मेळ जुळला म्हणून स्वार जुळत नाही.

ज्यांना पहिलाच घोडा घ्यायचा आहे, किंवा ज्यांचे हात अजून स्थिर नाहीत, त्यांनी जॅझची थेट संतती घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची नातवंडे पाहावीत, तीही शांत आईची. मी मात्र गौरीला ठेवणार आहे. परवा हातगाडी पुन्हा उलटी होती. मी श्वास सोडला, ती कान हलवून पुढे निघून गेली.