रोजची सीबीसी थांबवायची कशी? दर छापा, संगणकाला अडवू द्या की फॉर्मच बदला

लातूर, बीड, परभणीकडच्या तीस-पन्नास खाटांच्या रुग्णालयात सकाळी सहाला सिस्टर ट्रॉली घेऊन निघते. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), इलेक्ट्रोलाइट्स (सोडियम-पोटॅशियमसारखे क्षार). काल सगळं नॉर्मल होतं, पेशंट भाकरी खातोय, फिरतोय. पण केसपेपरवर ‘रोज’ लिहिलंय, म्हणून सुई. जांभळ्या टोपणाच्या एका नळीतच दोन-तीन मिली रक्त जातं. ऊसतोडीहून आलेल्या, आधीच आठ हिमोग्लोबिन असलेल्या बाईला हे परवडत नाही.

यावर तीन उपाय. तपासणीच्या फॉर्मवर दर छापणं सगळ्यात सोपं आणि फुकट. जॉन्स हॉपकिन्समध्ये ऑर्डर देताना दर दाखवले, तेव्हा त्या तपासण्या सुमारे 9 टक्क्यांनी घटल्या (2013). पेनसिल्व्हेनियातल्या तीन रुग्णालयांत हाच प्रयोग मोठ्या प्रमाणात झाला, तर एकूण आकड्यात फरक पडला नाही (2017). आपल्याकडेही ऑर्डर लिहिणाऱ्या आरएमओच्या (वॉर्डातल्या ड्युटी डॉक्टरच्या) खिशातून काही जात नाही. शिवाय सीबीसीचा दर बघून ‘एवढ्याने काय होतंय’ असंच वाटणार. नुसत्या दरांवर माझा भरवसा नाही.

संगणकाचं काम चोख, पण अडवलं तरच. क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये एकाच दिवसातली दुसरी तीच तपासणी फोन केल्याशिवाय पुढे जाईना, तेव्हा दहातल्या नऊ थांबल्या. नुसती सूचना झळकली तिथे निम्म्याहून कमी. तीन महिन्यांच्या आत पुन्हा मागवलेली एचबीएवनसी (साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी) अडवायलाही हे उत्तम. अडचण एकच: ज्यांची लॅब बाहेर आणि नोंद रजिस्टरमध्ये, त्यांना आधी सॉफ्टवेअर घ्यावं लागेल.

राहिला फॉर्म. लहान रुग्णालयाने इथूनच सुरुवात करावी. ‘रोज’ हा शब्द बाद. ऑर्डर एका दिवसापुरती, उद्या हवी तर राऊंडला पुन्हा लिहा आणि कारणाच्या रकान्यात चार शब्द टाका. ‘फीवर प्रोफाइल’ची (तापाच्या सगळ्या तपासण्या एकदम) एक चौकट मोडून प्रत्येक तपासणीची वेगळी करा. त्या चौकटीमुळे ज्याला गरज नाही त्याचीही विडाल (टायफॉइडची तपासणी) जाते, आणि ताप उतरल्यावर ‘टायफॉइड गेला का’ बघायला पुन्हा जाते, जिचा काडीचा उपयोग नाही. नॉर्मल मर्यादा अशी ठरते की निरोगी लोकांपैकी 95 टक्के तिच्यात बसतात, उरलेले पाच निरोगी असूनही बाहेर पडतात. वीस स्वतंत्र तपासण्या केल्या तर धडधाकट माणसाचीही एखादी बिघडलेली निघण्याची शक्यता 64 टक्के. मग त्या एकीचा पाठलाग सुरू. नातेवाईक ‘साहेब, सगळ्या तपासण्या करून टाका’ म्हणतात तेव्हा हाच हिशोब सांगावा.

अपवाद मात्र फॉर्मवरच छापा: डेंग्यूतल्या प्लेटलेट्स, रक्तस्रावातलं हिमोग्लोबिन, इन्सुलिन ड्रिपवरचं पोटॅशियम, जेंटामायसिन-अमिकासिन ही किडनीला इजा करू शकणारी अँटिबायोटिक्स चालू असतानाचं क्रिएटिनिन. इथे काटकसर करून चालत नाही.

फॉर्मची उणीव म्हणजे तो राबवायला कुणीतरी हट्टी माणूस लागतो. रात्रपाळीचा आरएमओ कारणाच्या रकान्यात ‘रुटीन’ लिहून मोकळा होतो. अशी ऑर्डर सिस्टरने परत पाठवायची आणि डॉक्टरने तिच्यावर डाफरायचं नाही, हे मालकाने आधीच बजावावं.

घाटीसारख्या (छत्रपती संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय) मोठ्या ठिकाणी निवासी डॉक्टर सतत बदलतात, तिथे संगणकच बरा.

आणि बाहेरची लॅब तपासणीमागे कट देत असेल, तर तिन्हींपैकी काहीच टिकणार नाही. आधी तो करार मोडा, मग फॉर्म छापायला टाका.