ड्रोनच्या रिमोटवर पडणारं ऊन: दहा महिन्यांच्या फवारणीनंतरचा अनुभव

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात औसा तालुक्यातल्या एका शेतात सोयाबीनवर आमची फवारणी चालू होती. दुसरी टाकी मध्येच संपली. ड्रोन परत आला, आम्ही औषध भरलं आणि काम थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू करायचं म्हणून मी स्क्रीनवर बोट टेकवलं. ढग फाटून ऊन पडलं होतं. समोरच्या दोन बटणांवरची अक्षरं दिसत नव्हती, मी सवयीनं एक दाबलं. ते चुकीचं होतं. ड्रोन पुढच्या पट्ट्यावर गेला आणि मधला अर्धा पट्टा कोरडा राहिला.

त्या दिवशी कुणाच्याच लक्षात आलं नाही. आठ-नऊ दिवसांनी शेतकरी दादांचा फोन आला. जाऊन बघितलं तर सगळं रान हिरवंगार, आणि मधोमध अळीनं पानांची चाळणी केलेला एक सरळ पट्टा. दादांनी आवाज चढवला नाही. "ताई, एवढी जागा सुटली बघा," एवढंच म्हणाले. तेच मला जास्त लागलं. पट्टा आम्ही गटाच्या खर्चानं परत फवारून दिला.

तेव्हापासून उन्हात स्क्रीन दिसावी म्हणून मी बरंच काही करून बघितलं. काही पैसे वाया गेले, काही गोष्टी फुकटात साधल्या. नवीन ताई-दादा ड्रोन घेत आहेत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आमच्या बचत गटाकडे 10 लिटर टाकीचा फवारणी ड्रोन आहे. 15 दिवसांचं प्रशिक्षण झालं आणि जुलैपासून मी उडवते. एक ताई सहायक म्हणून कायम सोबत असतात. आधी सोयाबीन, मग तूर, हिवाळ्यात हरभऱ्यावरची घाटेअळी, आणि आता एप्रिलमध्ये ऊस. रिमोटमध्येच साडेपाच इंची स्क्रीन आहे. माहितीपत्रकात तिची चमक 1000 निट लिहिली आहे. निट म्हणजे पडद्याची चमक मोजायचं एकक. आकडा मोठा आहे आणि घेताना मलाही वाटलं होतं की आता उन्हाची चिंता मिटली.

बी.एस्सी.ला फिजिक्स होतं, म्हणून एका संध्याकाळी कागद घेऊन हिशोब केला. स्वच्छ आकाश असेल तर भर दुपारी मोकळ्या रानात साधारण 1 लाख लक्स उजेड पडतो (लक्स म्हणजे पडणारा उजेड मोजायचं एकक). त्या उन्हातल्या पांढऱ्या सुती कापडाची चमक 25 हजार निटच्या आसपास जाते. साध्या काचेवर समोरून पडणाऱ्या उजेडातला सुमारे 4 टक्के भाग परत फिरतो. 25 हजारांचे 4 टक्के म्हणजे 1000 निट. माझी स्क्रीन सगळी ताकद लावून जेवढी चमकते, तेवढीच चमक काचेत दिसणाऱ्या एका पांढऱ्या कापडाची असते. मग काळं अक्षर काळं राहत नाही, सगळ्यावर पांढरट पदर चढतो आणि डोळे ताणूनही वाचता येत नाही.

हा हिशोब कागदावर होण्याआधी रानात दिसला होता. एका शेतात धोतर-सदरा घातलेले आजोबा माझ्या खांद्यामागे येऊन कौतुकानं बघत उभे राहिले, आणि त्याच क्षणी अर्धी स्क्रीन गेली. त्यांच्या सदऱ्याचं आणि टोपीचं प्रतिबिंब काचेत आलं होतं. "आजोबा, जरा त्या बाभळीपाशी थांबता का, ड्रोन खाली आला की दाखवते तुम्हाला," म्हटलं. ते बाजूला झाले आणि स्क्रीन परत आली. दुसऱ्या दिवसापासून मी फिकट रंगाचे कुडते आणि पांढरी ओढणी फवारणीला नेणं बंद केलं. आता गडद निळा किंवा काळपट सुती कुडता, वर तसाच एप्रन. याला एक रुपयाही लागला नाही, आणि मी आजवर केलेल्या उपायांत याचा गुण सगळ्यात जास्त आला. गडद कपड्यात ऊन जास्त लागतं हे खरं आहे. त्यासाठी पाण्याची बाटली जास्तीची ठेवते.

तोंड कुठे करून उभं राहायचं हेही यातूनच कळलं. सूर्य पाठीशी असला की माझी छाती सावलीत जाते, काचेत दिसतं ते अंधारं दिसतं आणि शक्य झालं तर माझी सावलीही स्क्रीनवर पडते. सूर्य समोर असला की उलट होतं. शिवाय ड्रोनकडे बघताना डोळे दिपतात, ते वेगळंच. म्हणून शेतावर गेलं की आधी सूर्य बघायचा, मग उभं राहायची जागा आणि उड्डाणाची जागा ठरवायची. सहायक ताईंना हे आता सांगावं लागत नाही, त्याच बांधाची बाजू निवडतात.

पण ही युक्ती बारा महिने चालत नाही. डिसेंबरात आमच्याकडे भर दुपारीही सूर्य जेमतेम 48 अंशांवर असतो, त्यामुळे पाठीची सावली मिळते. हरभऱ्याच्या वेळी मला स्क्रीनचा त्रास जवळजवळ झालाच नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैअखेर लातूर भागात शून्य सावलीचे दिवस येतात, सूर्य अगदी डोक्यावर असतो. त्या सुमारास दुपारी पाठ फिरवून काही मिळत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पावसाळ्यातलं पातळ पांढरं आभाळ. ऊन नसतं म्हणून आपण गाफील राहतो, पण अख्खं आभाळच काचेत उतरतं आणि कुठल्याही बाजूला तोंड केलं तरी तेच.

म्हणून हूड, म्हणजे स्क्रीनवर सावली धरणारं छप्पर, लागतोच. पहिला मी ऑनलाइन मागवला, घडीचा. आतून तो चकचकीत रेक्झिनचा निघाला. काळा होता, पण चकचकीत काळा रंग तिरक्या उजेडाला आरशासारखाच वागतो. वरून ऊन अडलं आणि आतल्या भिंतीवरून स्क्रीनवर आलं. ऑक्टोबरच्या उन्हात त्याच्या वेलक्रोचा गोंदही सुटला आणि एकदा हूड थेट माझ्या अंगठ्यांवर पडला, ड्रोन हवेत असताना. त्या दिवशी तो पिशवीत गेला तो परत निघाला नाही.

दुसरा घरी केला. पातळ सनबोर्ड (हलका प्लास्टिकचा पुठ्ठा), आतून काळी मखमल, बाहेरून पांढरं कापड. मखमल उजेड गिळते, हे शिंप्याच्या दुकानात वेगवेगळे काळे तुकडे उन्हात धरून बघितलं. बाहेरून पांढरं अशासाठी की तापू नये. स्क्रीन आडवी 12 आणि उभी 7 सेंटिमीटर आहे. छत 10 सेंटिमीटर ठेवलं आणि दोन्ही बाजूंना तिरक्या भिंती. खालची बाजू मोकळी, नाहीतर बोट आत जात नाही. आधी छत 15 सेंटिमीटर केलं होतं. स्क्रीन सुंदर दिसायची, पण बघायला मान खाली घालून तोंड जवळ न्यावं लागायचं. त्या अंधारातून वर ड्रोनकडे पाहिलं की काही क्षण काहीच दिसत नाही. फवारणीचा ड्रोन पिकाच्या वर दोन-तीन मीटरवर उडतो, बाजूला विजेचे खांब आणि लिंबाची झाडं असतात. ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवायचा हा नियम आहे, आणि तो कागदापुरता नाही. छत कापून 10 वर आणलं. हात सरळ ठेवून नुसती नजर खाली टाकली की आकडे दिसतात, तेवढंच पुरे.

एक इशारा मात्र मनापासून. प्रशिक्षणातल्या एका मैत्रिणीनं गाडीच्या काचेवर लावतात त्या चांदीसारख्या पडद्याचा हूड केला होता. तिचा सिग्नल सारखा पडायला लागला. ॲन्टेनाजवळ धातूचा पत्रा किंवा ॲल्युमिनियमचा कागद आला की तो लहरी अडवतो. कापड, पुठ्ठा, सनबोर्ड काहीही चालेल, धातू नको. माझा हूड ॲन्टेनाच्या खालीच संपतो.

स्क्रीनवर चिकटवायच्या फिल्मचं सांगायचं तर दोन वापरल्या. पहिली मॅट. सावलीत ती छान वाटते, प्रतिबिंब विरघळून जातं. पण थेट ऊन पडलं की तोच उजेड सगळ्या स्क्रीनभर पसरतो आणि बारीक आकडे दाणेदार होतात. बॅटरीच्या व्होल्टेजमधला 3 आणि 8 मला एकसारखे दिसायला लागले, तेव्हा ती काढली. चार महिन्यांत अंगठ्याच्या जागी ती घासून गुळगुळीतही झाली होती. दुसरी परावर्तन कमी करणारी, कोटिंगवाली. ती टॅबलेटच्या मापाची मागवून मोबाइलच्या दुकानातून कापून घेतली. महाग पडली, पण काचेतलं प्रतिबिंब डोळ्याला जाणवण्याइतकं फिकट झालं आणि अक्षरं जशीच्या तशी राहिली. तिचा दोष म्हणजे बोटाचा प्रत्येक डाग निळा-जांभळा उठून दिसतो. हातमोजे घातलेल्या, औषधाच्या हातानं स्क्रीनला शिवायचंच नाही, ही शिस्त त्यामुळे लागली. जरासं ओलं मायक्रोफायबरचं कापड पुरतं. फिल्म पूर्ण चिकटलेली हवी. मध्ये हवेचा पापुद्रा राहिला तर उजेड परत फिरवणारे आणखी दोन पृष्ठभाग तयार होतात आणि फिल्म लावून उलट नुकसान होतं.

गॉगल घेताना सांभाळा. मी पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेच्या लहरींचा उजेड आत सोडणारा, घेतला, रानात डोळ्यांना फार आराम वाटला, आणि रिमोट हातात घेतला तर स्क्रीन जवळजवळ काळी. रिमोट उभा फिरवला की दिसायची. एलसीडी पडद्याच्या पुढच्या बाजूलाच तशीच एक चाळणी, पोलरायझर, असते. तिची दिशा आणि गॉगलची दिशा आडवी गेली की उजेड अडतो. सगळ्याच स्क्रीनचं असं होत नाही. म्हणून दुकानात जाताना रिमोट बरोबर न्या आणि वापरतो तसा आडवा धरून बघा. मी आता साधा राखाडी काचेचा वापरते.

उन्हाळ्यात ऊन आणि ताप वेगळे करता येत नाहीत. मार्च संपता संपता स्क्रीन पूर्ण चमकीवर असूनही अचानक मंद व्हायला लागली. रिमोट तापला की तो स्वतःला वाचवायला चमक कमी करतो. आधी हूडच्या मागच्या बाजूनं हवेची जाळी झाकली जात होती, तिथे मी कापड कापून फट ठेवली. दोन उड्डाणांच्या मध्ये रिमोट टेम्पोच्या टपावर न ठेवता सावलीतल्या पिशवीत ठेवतो. एवढ्यानं फरक पडला. ओलं फडकं गुंडाळू नका, एका दादांचा रिमोट त्यानंच दुरुस्तीला गेला.

ॲपमध्येही थोडं करता येतं. आपोआप चमक बंद करून पूर्णवर ठेवली आहे. गडद थीम उन्हात निरुपयोगी, पांढऱ्यावर काळी अक्षरं बरी. उपग्रहाचा नकाशा हिरवा-काळा असतो, त्यात शेताची हद्द हरवते, म्हणून हद्द आखून झाली की मी साध्या फिकट नकाशावर जाते. आवाजाच्या सूचना चालू ठेवल्या आहेत. आणि ऑगस्टपासून एक सवय लावून घेतली आहे. टाकी संपून ड्रोन परत आला की मी रिमोट घेऊन टेम्पोच्या सावलीत जाते, काम कुठे थांबलं ते बटण नीट वाचते, ताईंनाही मोठ्यानं वाचायला लावते, मगच दाबते. अर्धा मिनिट जातो.

सध्याचा माझा संच म्हणजे गडद कुडता, घरचा हूड, कोटिंगची फिल्म, राखाडी गॉगल आणि आतून काळं कापड शिवलेली रुंद काठाची टोपी. एवढं असून सकाळी साडेअकरानंतर आणि चारच्या आत मी काम घेत नाही. त्या वेळात औषधही उडून जातं, वाराही सुटतो. शेतकरी घाई करतात, तेव्हा त्यांना स्क्रीन दाखवते आणि सदऱ्याची बाही तिच्यासमोर धरायला सांगते. उसाला पुढचा महिना अवघड जाणार आहे. हूडच्या छताला दोन सेंटिमीटरची सरकती पट्टी जोडायची आहे, मखमल आणून ठेवली आहे.